गृहपाठ मुलांचा, परीक्षा पालकांची

पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ मुळीच देऊ नये आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांना तो आठवड्याला दोन तासांपेक्षा अधिक देऊ नये, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे धोरण आहे. दप्तराच्या ओझ्यासंबंधी २०२० मध्ये राज्यांना पाठविलेल्या या धोरणातील किलोचे आकडे तेवढे गाजले. गृहपाठाचे कलम फारसे कोणी वाचले नाही. आठवड्याचे दोन तास सहा दिवसांत वाटले, तर रोजची वीस मिनिटे होतात. इंदिरानगर, गंगापूर रोड, सिडको किंवा नाशिकरोड भागात राहणाऱ्या तिसरी-चौथीच्या मुलाच्या आईला हा आकडा सांगून पाहावा. ती हसेल किंवा रागावेल. पहिली-दुसरीसाठी याच धोरणाने गृहपाठाला एक पर्यायही सुचविला आहे. कालची संध्याकाळ कशी गेली, कोणते खेळ खेळलो, काय जेवलो, हे मुलांनी दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन सांगावे, असा तो पर्याय आहे. सरकारी कागदात इतकी समजूतदार ओळ क्वचितच सापडते.

शहरातील मध्यमवर्गीय घरातले चित्र वेगळे आहे. आई किंवा वडील कामावरून परतेपर्यंत शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर उद्याच्या सूचना येऊन पडलेल्या असतात. कोणत्या पानावरचा स्वाध्याय पूर्ण करायचा, कोणत्या वहीला कव्हर घालायचे, कोणता तक्ता शुक्रवारपर्यंत आणायचा. ज्याचा अभ्यास आहे तो सात-आठ वर्षांचा जीव त्या गटात नसतो, पालक असतात. त्यामुळे अभ्यासाची आठवण ठेवण्याची जबाबदारी आपोआप त्याच्याकडून सुटून आईकडे येते. प्रोजेक्ट नावाचा प्रकार तर बहुतांशी मोठ्यांच्याच हातचा असतो. स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तयार कागद आणायचे, ते आईने कापायचे, बाबांनी चिकटवायचे आणि मुलाने खाली नाव लिहायचे. वर्गात त्याला गुण मिळतात ते नेमके कोणाच्या कौशल्याला, हा प्रश्न शिक्षकांनाही पडत असेलच.

या प्रकाराची मुळे जुनी असली, तरी आजचे त्याचे रूप करोनाकाळात पक्के झाले. मार्च २०२० मध्ये बंद झालेले प्राथमिकचे वर्ग राज्यात डिसेंबर २०२१ मध्ये उघडू लागले. जवळपास पावणेदोन वर्षे घर हीच शाळा होती आणि पालक हेच साहाय्यक शिक्षक होते. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. शाळा उघडल्यावर फळा-खडू पूर्वीच्या जागी गेले, व्हॉट्सअॅपचे गट मात्र राहिले. वर्गात राहिलेले घरी पूर्ण करून घ्या, हे वाक्य शाळांनाही सोयीचे झाले. पालकांनाही त्यात गैर वाटेनासे झाले. उलट गृहपाठ कमी देणाऱ्या शाळेविषयीच ‘तिथे काही घेत नाहीत’ अशी शंका पालकसभांमधून व्यक्त होऊ लागते. गृहपाठ केवळ शाळा लादतात असे मानणे म्हणूनच अर्धसत्य ठरेल. त्याला पालकांची मागणीही आहे.

या मागणीला आधार किती? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००६ मध्ये गृहपाठाविषयीच्या तोपर्यंतच्या संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. माध्यमिक वर्गांत गृहपाठ आणि यश यांचा संबंध त्यांना दिसला. प्राथमिक वर्गांत तो जवळजवळ दिसलाच नाही. लहान मुलाला थकल्या संध्याकाळी एकाग्र होणे जमत नाही आणि आपले नेमके कुठे चुकते हे त्याला स्वतःला कळत नाही, अशी त्याची साधी कारणे सांगता येतील. तिसरीतील मूल एकाच पद्धतीची चुकलेली वजाबाकी दहादा करते, तेव्हा त्याचा सराव चुकीचाच होत असतो.

मग पालकांनी काहीच करू नये काय? तसा निष्कर्ष काढणे परवडणारे नाही, कारण पहिली चार वर्षे खरोखरच निर्णायक असतात. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते आणि त्यापुढे वाचून शिकते. परिसर अभ्यास असो वा गणितातली शाब्दिक उदाहरणे, चौथीपासून प्रत्येक विषय वाचता येते हे गृहीत धरूनच चालतो. ज्याला वाचता येत नाही, तो एका विषयात मागे पडत नाही, सगळ्याच विषयांत पडतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधी आकडेमोड करता यावी, हे उद्दिष्ट ठेवले, ते यासाठीच. त्यासाठी ठरविलेली मुदत २०२६-२७ ही आहे.

प्रत्यक्ष स्थिती काय आहे, ते दोन पाहण्यांवरून कळते. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. करोनानंतर २०२२ मध्ये ते १६.३ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर आले. महाराष्ट्र या सरासरीच्या पुढे आहे, पण सरासरीच एवढी खाली असताना त्यात समाधान मानण्यासारखे काही नाही. हे खेड्यांचे आकडे, आमच्या मुलांचे नव्हेत, असे शहरी वाचकाला वाटणे शक्य आहे. त्याने ‘परख’चे राष्ट्रीय सर्वेक्षण पाहावे. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या या सर्वेक्षणात शहरी-ग्रामीण, सरकारी-खासगी अशा सर्व प्रकारच्या शाळा होत्या. ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावणे तिसरीच्या जेमतेम ५५ टक्के मुलांना जमले.

अशा बातम्या वाचल्या की शहरी पालक पहिली गोष्ट करतो ती क्लास लावण्याची. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२५ मधील शिक्षणविषयक पाहणीत देशातील २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत असल्याचे दिसले. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के, तर खेड्यांत २५.५ टक्के होते. यात सर्व वयाचे विद्यार्थी आले. पण नाशिकमध्ये पहिली ते चौथीच्या ‘सर्व विषयांच्या’ शिकवण्यांच्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात, त्याही याच प्रवाहातल्या. तेथे बहुधा शाळेचाच गृहपाठ उरकला जातो. आईवडील दोघेही नोकरीत असतील तर ती सोय असते आणि सोय म्हणून तिच्याकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. मात्र सोयीला शिक्षण समजले, तर मुलाच्या दिवसातले आणखी दोन तास बाकावर जातात आणि वाचता न येण्याचे दुखणे तसेच राहते.

शाळा जे करू शकत नाही आणि घर सहज करू शकते, अशा गोष्टींकडे पाहिले तर प्रश्नाचे रूप बदलते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एकेका मुलाशी दहा मिनिटे बोलणे शिक्षकाला शक्य नसते. त्याला मांडीवर घेऊन गोष्ट वाचून दाखविणे शक्य नसते. सुट्या पैशांचा हिशेब त्याच्या हातात देणे शक्य नसते. घराला हे सारे शक्य आहे आणि त्यासाठी पदवी लागत नाही.

गणिताचेच उदाहरण घेऊ. जून २०१९ मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून राज्यभर गदारोळ झाला होता. ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’, ‘बत्तीस’च्या जोडीने ‘तीस दोन’ असे संख्यावाचन त्या पुस्तकाने आणले. वृत्तवाहिन्यांपासून विधिमंडळापर्यंत त्याची थट्टा झाली. मराठी बुडाली, असा आक्रोशही झाला. वास्तविक पुस्तकाने जुनी नावे काढून टाकली नव्हती. दोन्ही पद्धती दिल्या होत्या. गणित समितीच्या अध्यक्ष, दिवंगत डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची अडचण तेव्हा समजावून सांगितली होती. मराठीत संख्या बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी येतो. ‘पंचवीस’ ऐकले की कानावर आधी पाच पडतो, म्हणून मूल ५२ लिहून मोकळे होते. त्यातच ‘त्र्याण्णव’, ‘एकोणऐंशी’ यांसारखी जोडाक्षरांची आणि वळणाची नावे. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी, हे नावातच दडलेले आहे. पण ते कोणी उलगडून सांगितले नाही, तर मूल ८९ लिहिते.

पालकांच्या दृष्टीने या वादातला महत्त्वाचा भाग वेगळाच होता. शाळेत ‘वीस पाच’ ऐकून आलेल्या मुलाला घरी ‘असले काही नसते, पंचवीस म्हण’ असे दटावले गेले, तर मूल दोन्हीकडून गोंधळते. वजाबाकीचेही तसेच आहे. आपण ‘हातचा घेणे’ शिकलो. आजच्या वर्गात दशक सुटा करून त्याचे दहा एकक करणे दाखवितात. क्रिया एकच आहे, शब्द वेगळे आहेत. घरी आपली पद्धत शिकविण्याआधी ‘तुमच्या बाईंनी कसे सांगितले ते मला दाखव’ एवढे म्हटले, तरी दोन कामे होतात. मुलाला सांगता सांगता स्वतःचे कुठे अडते ते कळते, आणि पालकाला नवी पद्धत समजते. इंग्रजी माध्यमातल्या मुलाची अडचण याच्या उलट बाजूची आहे. त्याला ‘फॉर्टी सेव्हन’ येते, पण गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात भाजीवाली ‘सत्तेचाळीस झाले’ म्हणाली की तो आईकडे पाहतो. तिथेच त्याला ‘चाळीस आणि सात’ असे फोडून सांगितले, तर ते गणितही झाले आणि मराठीही.

बाजाराचा विषय निघालाच आहे, तर अपूर्णांकांविषयीही बोलले पाहिजे. शाळेत हा घटक आला की भल्याभल्यांची मुले अडखळतात. वस्तुतः मराठी घरात अपूर्णांक जन्मापासून कानावर पडत असतात. पाव किलो, अर्धा लिटर, पाऊण वाटी, सव्वा तास, दीड चमचा, अडीच मीटर. इतके सुटसुटीत शब्द इंग्रजीत नाहीत. आपल्या आजोबांच्या पिढीने तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले होते. ते पाठांतर आज परत आणावे असे कोणी म्हणणार नाही. पण साबुदाणा भिजवताना पाऊण वाटी मोजायला सांगणे, सव्वाआठची बस पावणेनऊला आली तर किती उशीर झाला हे विचारणे, पाव किलो शेंगदाण्यांचे पैसे किलोच्या भावावरून काढायला लावणे, यात वेगळा वेळ जात नाही. शाळेत तेच चिन्हांत लिहिलेले समोर येते, तेव्हा मुलाला ते ओळखीचे वाटते.

जुन्या मराठी घरांत दिवेलागणीला परवचा होत असे. शुभंकरोतीनंतर पाढे, महिने, नक्षत्रे मोठ्याने म्हणायची. त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे तो सगळ्यांच्या घरी नव्हता. ज्या घरांत अक्षरओळख पोहोचली होती, तेथेच तो होता. आणि दुसरे, त्याचे बळ पाठांतरात असण्यापेक्षा त्याच्या रचनेत होते. तो रोज ठरल्या वेळी होई, थोडा वेळ चाले, तोंडी असे आणि घरातले एखादे मोठे माणूस त्यात सामील असे. आजच्या गृहपाठात यांतले बहुधा एकही लक्षण सापडत नाही. तो लेखी आहे, लांबतो, आणि मोठे माणूस त्यात सामील नसून देखरेखीला असते.

वाचनाकडे वळू. बाराखडी पुरी झाल्याशिवाय गोष्टीचे पुस्तक हातात द्यायचे नाही, अशी अनेक घरांतली समजूत आहे. काना-मात्रा-वेलांटीची ओळख हवीच. पण कशासाठी वाचायचे, हे कळल्याशिवाय मूल त्या वेलांट्यांशी झगडत नाही. रोज रात्री दहा-पंधरा मिनिटे मोठ्याने वाचून दाखविणे, ओळीखाली बोट फिरविणे, मध्येच थांबून ‘आता काय होईल?’ असे विचारणे आणि तीच गोष्ट सातव्यांदा मागितली तरी न कंटाळणे, हे प्राथमिक वयातले पालकांचे सर्वांत मोलाचे काम आहे. मुलाला स्वतः वाचता येऊ लागले म्हणून ते थांबविण्याचे कारण नाही. ऐकून जे समजते, ते वाचून समजते त्याच्या बरेच पुढे असते, आणि शब्दसंपत्ती त्या ऐकण्यातूनच वाढते.

याबाबतीत नाशिककरांना तक्रारीला फारशी जागा नाही. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय शहराच्या मध्यभागी आहे आणि तेथे मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पुस्तकपेट्या नाशिकमधून निघून परदेशातील मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचल्या. १९७१ पासून निघणाऱ्या ‘बालभारती’च्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य आहेत. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या मिळतात आणि छापूनही घेता येतात. अभाव पुस्तकांचा कमी आणि घरात पुस्तक उघडणाऱ्या मोठ्या माणसाचा जास्त आहे. जेवताना स्वतः मोबाइल चाळणाऱ्या पालकाने ‘वाचत जा’ असे सांगणे मुले मनावर घेत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

इंग्रजी माध्यमामुळे यात एक पेच निर्माण झाला आहे. मराठी माध्यमातून शिकलेले आईवडील, सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पाळीने काम करणारे वडील, शिवणकाम किंवा घरकाम करणारी आई, आणि मूल इंग्रजी शाळेत. ‘आम्हाला इंग्रजी येत नाही, मग अभ्यास कसा घेणार?’ हे वाक्य अशा घरात हताशपणे उच्चारले जाते. त्याहून घातक असा दुसरा प्रकार त्यातून उद्भवतो. शाळेच्या सल्ल्यावरून म्हणा किंवा भीतीपोटी म्हणा, घरी मोडके इंग्रजी बोलायला सुरुवात होते. ‘वॉटर पी’, ‘हँड वॉश कर’ अशा भाषेत मुलाशी ना लांबलचक बोलणे होते, ना गोष्ट सांगता येते. त्याला इंग्रजी मिळत नाही आणि मराठीही अर्धीच मिळते. २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्र ढवळून निघाला. १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासन निर्णय सरकारला २९ जून रोजी मागे घ्यावे लागले. शाळेत किती आणि कोणत्या भाषा असाव्यात यावर एवढे रण माजले; घरातल्या संध्याकाळच्या भाषेविषयी मात्र चर्चा झाली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे. शाळेचे माध्यम बदलणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी निदान घराचे माध्यम बदलू नये. पाऊस का पडतो, आजी गावाला का गेली, दूध का नासले, हे ज्या भाषेत नीट समजावून सांगता येते, त्याच भाषेत मुलाची विचार करण्याची सवय घडते. ती एकदा घडली की दुसऱ्या भाषेत नेता येते.

पालक निरक्षर असतील तर? या प्रश्नाचे उत्तर भारतातच तपासून पाहिले गेले आहे. रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलंड यांनी बिहार आणि राजस्थानमधील खेड्यांत केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावांतील मातांसाठी साक्षरता वर्ग घेण्यात आले. काही गावांत मातांना मुलांसोबत घरी करण्याच्या कृती दाखविण्यात आल्या. काही ठिकाणी दोन्ही झाले. तिन्ही ठिकाणी मुलांच्या गणितात सुधारणा दिसली. ती फार मोठी नव्हती, हेही अभ्यासकांनी प्रामाणिकपणे नोंदविले आहे. पण ज्या आयांना ‘तुला काय कळते’ म्हणून बाजूला सारले जाते, त्यांच्या घरी बसून घेतलेल्या कृतींचा परिणाम मोजता येण्याइतका होता. महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात जिल्हा परिषदेच्या शाळांभोवती मातांचे गट बांधण्यात आले, ते याच विचाराने. खडे मोजणे, पाने लहान-मोठी लावणे, चित्र पाहून बोलणे अशा घरगुती कृती हे गट करतात. महापालिका शाळांतील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी हा मार्ग लेखी गृहपाठापेक्षा अधिक न्याय्य आहे. ज्या गृहपाठाला शिकलेले पालक लागतात, तो गृहपाठ मुलाची नव्हे, घराची परीक्षा घेतो आणि तीत आधीच मागे असलेले घर नापास होते.

वेळ किती लागतो, यालाही एक उदाहरण आहे. करोनाकाळात आफ्रिकेतील बोट्सवाना देशात प्राथमिकच्या मुलांच्या घरी आठवड्यातून एकदा सुमारे वीस मिनिटांचा साधा दूरध्वनी केला जाई. पालक आणि मूल दोघांना फोनवर घेऊन गणिताचा एखादा प्रश्न सोडवून घेतला जाई. नुसत्या संदेशांचा फारसा उपयोग झाला नाही. प्रत्यक्ष बोलण्याचा झाला. आपल्या व्हॉट्सअॅप गटांवरील सूचनांच्या माऱ्याला हा निष्कर्ष तंतोतंत लागू पडतो.

अधिक तास म्हणजे अधिक शिक्षण, हा समज दृढ करणारे एक उदाहरण नाशिक जिल्ह्यातूनच सांगितले जाते, म्हणून त्याचा विचार करणे आवश्यक आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळी या आदिवासी पाड्यावरील जिल्हा परिषदेची शाळा वर्षाचे ३६५ दिवस आणि दिवसाचे जवळपास बारा तास चालते, अशी तिची ख्याती आहे. शिक्षक केशव गावित यांच्या या शाळेतील मुले दोन्ही हातांनी लिहितात, मोठमोठे पाढे म्हणतात. त्यांच्या चित्रफिती शहरातील पालकांच्या मोबाइलवर फिरतात आणि ‘बघ, ती मुले किती करतात’ असा दाखला घरोघर दिला जातो. हिवाळीचे कौतुक योग्यच आहे. परंतु तेथे शाळेने एवढे तास का घेतले, हे त्या दाखल्यातून गळते. जेथे आईवडील मजुरीसाठी बाहेर असतात, तेथे शाळाच घराची जागा भरून काढते. खेळ, जेवण, सोबत, गप्पा हे सारे त्या बारा तासांत येते. शहरातले पालक नेमके उलट करतात. त्यांच्याकडे घर असते आणि ते त्याची शाळा करून टाकतात.

या सगळ्यात झोपेचा हिशेब कोणी मांडत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये सांगितले आहे. सकाळच्या सत्रातील मुलाला साडेसहाला व्हॅन गाठायची तर पावणेसहाला उठावे लागते. नऊ तास व्हायचे तर पावणेनऊला झोपावे लागते. बाबा घरी येतात आठला, गृहपाठ सुरू होतो साडेआठला. राज्यपाल असताना रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये सुचविल्यानंतर पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय ८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाला. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांची आणि व्हॅनचालकांची त्यामुळे अडचण झाली, पालकांपैकीही काहींनी नोकरीच्या वेळा सांगून नाराजी दाखविली. त्या अडचणी खऱ्या आहेत. परंतु सकाळची मिळालेली तासभर झोप रात्रीच्या गृहपाठाला देऊन टाकली, तर निर्णयाचा लाभ कोणाला होणार?

पुढे आणखी एक ताण येऊ घातला आहे. २०१६-१७ मध्ये पाचवी आणि आठवीला नेलेली शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये केला. ही परीक्षा ऐच्छिक आहे. पण शाळांच्या फलकांवर शिष्यवृत्तीधारकांची छायाचित्रे झळकू लागली की ऐच्छिक हा शब्द पुसट होतो. चौथीची तयारी तिसरीतच आणि तिसरीची दुसरीत सुरू करण्याचा मोह क्लासचालकांना होईल, तसा तो पालकांनाही होईल. ज्या मुलाला अस्खलित वाचता येते आणि संख्यांची भीती वाटत नाही, त्याला ही परीक्षा चौथीच्या वर्षातल्या तयारीवर देता येते. ज्याला वाचताना अडखळावे लागते, त्याच्यापुढे सरावसंच कितीही ठेवले तरी तो प्रश्न वाचण्यातच थकतो.

घरात काय करावे हे पालकांच्या हाती आहे. शाळेत काय व्हावे यातही त्यांचा वाटा कायद्याने दिलेला आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला. खासगी शाळांतील पालक-शिक्षक संघांना २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने स्थान दिले. नाशिकमध्ये शुल्कवाढीवरून पालक एकत्र येतात, आंदोलने करतात, शिक्षणाधिकाऱ्यांकडे निवेदने देतात. तिसरीच्या वर्गाला आठवड्यात एकूण किती तासांचा गृहपाठ मिळतो, सर्व विषयांच्या शिक्षिका तो एकमेकींना विचारून देतात काय, व्हॉट्सअॅपवरील सूचना किती वाजेपर्यंत येतील आणि जे वर्गात समजले नाही ते वर्गातच पुन्हा केव्हा घेतले जाईल, हे चार प्रश्न मात्र सभेच्या विषयपत्रिकेवर क्वचितच असतात. ते ठेवण्यासाठी पालकांना स्वतंत्र शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. गृहपाठाची मर्यादा सांगणारे धोरण २०२० पासून अस्तित्वात आहे.